बिनफोडणीचं वरण

लोखंड थकत नाही, असं माणसं समजतात. मित्रांनो, तसं नसतं. मी एक जुनी लोखंडी पळी आहे, फोडणीची. माझा दांडा वाकला आहे, वाटीच्या तळाशी काळा थर बसला आहे आणि आता मला फार वेळ बोलवत नाही. तरी तुम्ही पुढ्यात येऊन बसला आहात, म्हणून सांगते. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म खर्डा गावच्या आठवडी बाजारात झाला. एका घिसाड्यानं बैलगाडीच्या चाकावरची झिजलेली लोखंडी पट्टी भट्टीत लाल केली. त्यानं ती सांडशीत धरली आणि त्याच्या बायकोनं घण मारले. ती पाठीला तान्हं बांधून घण मारत होती. तिच्या घावांनी माझी वाटी खोल झाली, दांडा निघाला. विझवायला पाण्यात घातलं तेव्हा मी पहिल्यांदा चर्र केलं. पुढं आयुष्यभर हाच आवाज ऐकायचा आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मला विकत घेतलं मालनबाईनं. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मला हातात घेऊन ती म्हणाली, "दांडा आखूड हाय. हात पोळंल."

घिसाडीण म्हणाली, "पोळू दे की बया. ध्यान ऱ्हाईल, म्हंजी लसूण करपनार न्हाई."

मालनबाई हसली आणि मला पदरात गुंडाळून घेऊन गेली. खर्ड्यापासून कोसभरावर त्यांची वस्ती होती. एका खोलीचं धाब्याचं घर, पुढं पडवी, चार एकर कोरडवाहू रान. घरात ती आणि तिचा नवरा सोपान. चुलीच्या वर भिंतीत एक खिळा होता. तो माझा झाला.

ती माझी चांगली वर्षं. चुलीवर मी तापायची, माझ्या वाटीत तेल पडायचं, मग मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण. ती मला तशीच उचलून वरणात बुडवायची. चर्र झालं की सोपान पडवीतून म्हणायचा, "मालन, निम्मी भाकर तर नुसत्या वासावरच जाती बघ." कौतुक कुणाला आवडत नाही? मलाही आवडायचं.

त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव गहिनीनाथ. घरात सगळे गहिनी म्हणत. दुडूदुडू चालायला लागला तसा तो चुलीजवळ यायचा आणि माझ्याकडं बोट करून "चर्र, चर्र" म्हणायचा. मला नावानं हाक मारणारा तो एकटाच.

आता पुढचं सांगताना मी थोडी हळू बोलेन.

आमच्या भागात एक रीत होती. घरात मुलाला गोवर निघाला की ते देवीचं काम समजत. दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधत. आणि घरात फोडणी देत नसत. तेल तापलं, मोहरी तडतडली की देवी कोपते, असं म्हणत. मुलाला डाळ द्यायची नाही, दूध नाही, तेलातुपाचं काही नाही. ज्वारीची पातळ पेज तेवढी पाजायची. ही रीत कुणी वाईट मनानं पाडली नव्हती. आजारी पोराला जड पडू नये, घरानं त्याच्याबरोबर थोडं सोसावं, असं काहीतरी तिच्या मुळाशी असेल. पण रीत पुढं चालत राहते आणि तिचं मूळ मागं राहून जातं.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गहिनीला गोवर निघाला. मालननं मला खिळ्यावरून काढलं नाही. दोन दिवस सोपाननं कोरडी भाकर पाण्याशी खाल्ली. तिसऱ्या दिवशी तो रानातून फार दमून आला. मालनला त्याची दया आली. तिनं पिठलं केलं आणि मला चुलीवर ठेवलं. एकदाच. चर्र झालं आणि शेजारच्या बनुबाई पडवीत येऊन उभ्या राहिल्या.

"मालन! पोराच्या अंगात गोवर आनि तू फोडनी दिली व्हय गं?"

मालनच्या हातून मी खाली पडले.

पंधराव्या दिवशी गहिनी गेला. पुरळ केव्हाच मावळलं होतं, पण खोकला छातीत उतरला होता. शेवटी त्याला रडायलाही दम पुरत नव्हता. बनुबाई मालनच्या गळ्यात पडून रडल्या; त्यांची मायाही खरी होती. पण रडता रडता त्या म्हणाल्या, "एका फोडनीनं घात केला गं."

ते वाक्य वस्तीत राहिलं. मालनच्या मनातही राहिलं. खरं सांगायचं तर माझ्याही. मला खिळ्यावरून काढून माळ्यावरच्या अडगळीत टाकलं गेलं. मला गंज चढला. आपण एका लेकराला मारलं, असं मनात घेऊन पडून राहणं किती जड असतं, ते लोखंडालाही कळतं.

मग पाऊस गेला. बहात्तर साल तसंच गेलं, रानात पेरलेलं वर आलंच नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खर्ड्याच्या अलीकडं पाझर तलावाचं काम निघालं, तिथं सोपान दगड फोडायला आणि मालन पाट्या वाहायला जाऊ लागली. रेशनवर लाल मिलो मिळायची. ती ज्वारीसारखीच, पण तिची भाकर कुणाला आवडायची नाही. कामावर मजुरांना सुकडी मिळायची. गव्हाचं आणि डाळीचं पीठ भाजून, गूळ-तेल घालून केलेला कोरडा खाऊ तो. तेलच जिथं सुकडीत बघायचं, तिथं फोडणीची आठवण कुणाला असणार? मालननं मला माळ्यावरून काढून पुन्हा खिळ्यावर लावलं, पण ते निखारे ओढायला.

गहिनीच्या वेळी तान्ही असलेली त्याच्या पाठची चांगुणा आता सव्वादोन वर्षांची होती. हाडं मोजून घ्यावीत अशी, पण तोंडानं फार चलाख. त्र्याहत्तरच्या फाल्गुनात कामावरच्या पोरांत गोवर पसरला. झाडाखाली एकाच गोधडीवर दहा-बारा पोरं झोपलेली असायची. एक खोकलं की आठवड्याभरात सगळी खोकायची. चांगुणाचे डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं, ताप चढला आणि चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठलं.

मालननं मला खिळ्यावरून काढलं, फडक्यात घट्ट गुंडाळलं आणि छताच्या लाकडांच्या फटीत खोचून ठेवलं. या वेळी चूक होऊ द्यायची नव्हती. ती कामावर जाईनाशी झाली. सोपानला मीठ लावून कोरडी भाकर द्यायची आणि चांगुणाला पेज पाजायची, पाण्यासारखी पातळ. सोपान रोज आपल्या वाट्याच्या सुकडीतला तुकडा आणून कोनाड्यात ठेवायचा. त्याला मुंग्या लागायच्या. चांगुणा हात करायची, मालन तिचा हात मागं घ्यायची.

"न्हाई बाई. देवीला चालत न्हाई."

नऊ दिवस असे गेले. पुरळ मावळलं, पण ताप उतरेना. खोकला वाढला. फडकं विरलेलं होतं, त्याच्या छिद्रांतून मला थोडं दिसत होतं आणि ऐकू तर सगळंच येत होतं. मित्रांनो, तो आवाज मी आधी ऐकलेला होता. श्वास घेताना नाकपुड्या फुलतात, बरगड्या आत ओढल्या जातात आणि घशातून बारीक कण्हणं येतं. गहिनीचं असंच झालं होतं. मालननंही ते ओळखलं असणार. ती भिंतीशी बसून नुसतं म्हणत होती, "औंदा तर फोडनी दिली न्हाई. औंदा तर काईच चुकलं न्हाई."

त्या दिवशी सकाळी सुमनबाई आल्या. त्या सरकारी दवाखान्याच्या नर्स, मूळच्या नगरजवळच्या केडगावच्या. आठ गावं त्यांच्याकडं होती आणि फिरायला एक सायकल. त्यांनी चांगुणाच्या छातीवरचं लुगडं बाजूला केलं, घड्याळात बघून तिचे श्वास मोजले आणि सोपानला म्हणाल्या, "उचला हिला. आत्ताच्या आत्ता खर्ड्याच्या दवाखान्यात."

सोपाननं तिला खांद्यावर घेतलं आणि सुमनबाईंबरोबर निघाला. दुपारी तिघं परत आले. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं आणि पुढची रोज घरी येऊन द्यायला सुमनबाईंना सांगितलं होतं.

सुमनबाई दारातच बसल्या. त्यांना पाणी देताना मालन म्हणाली, "बाई, आता बरी हुईल ना? सुई दिली."

"सुई छातीतल्या जंतूंसाठी दिली. पण गोवर हा विषाणूचा आजार. त्याच्यावर औषध निघालेलं नाही, मालन. त्याच्याशी हिचं अंगच लढणार. आज काय खाल्लं हिनं?"

"पेज."

"काल?"

"पेज."

"घरात डाळ आहे का? मूग, मटकी, काहीही?"

तोवर बनुबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डाळ? गोवरात? नर्सबाई, तुमी लेकुरवाळ्या न्हाईत, तुमाला काय ठावं?"

सुमनबाई थकलेल्या होत्या, तरी हसल्या. "लेकरू नाही मला, बनुआत्या. पण आठ गावची लेकरं माझ्याच तोंडावर शिंकतात."

सोपानला हसू फुटलं. मालन हसली नाही. ती म्हणाली, "सुई द्या, रोज द्या. पन डाळ न्हाई. एकदा घात झाला हाय."

सुमनबाईंनी ओरडायला पाहिजे होतं, असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी सोपानला विचारलं, "तलावाचं काम का थांबलंय हो दोन दिवस?"

"बांधावर दगूड लावायचं हाय, पिचिंग म्हंत्यात त्याला. त्याला चीप न्हाई. मोटं दगूड लई पडल्यात, पन मधल्या फटीत बसवायला बारीक चीप लागती. ती आली न्हाई. गवंडी बसून हायती."

"मोठे दगड आणखी टाकले तर?"

"उपेग काय? चिपंबिगर दगूड बसत न्हाई. पानी आलं की वाहून जाईल."

"आता हिच्या अंगाचं तसंच आहे," सुमनबाई म्हणाल्या. "विषाणूला अडवायला अंग आतून बांध घालतं. त्याचे दगड वीस जातीचे. काही अंग स्वतः घडवतं, पण आठ-नऊ जातींचे बाहेरूनच यावे लागतात, खाण्यातून. ज्वारीत, मिलोत त्यातली एक जात फार कमी. ती डाळीत भरपूर असते. डाळीत दुसरी एक कमी, ती ज्वारीत असते. दोन्ही एकत्र आल्या की गवंडी कामाला लागतो. तुम्ही पाजता त्या पेजेत मुळात दगडच थोडे, आणि चीप नाहीच."

सोपान म्हणाला, "मग हिचं अंग करतंय काय इतकं दीस?"

"घरच्या भिंतीचे दगड काढून बांधाला लावतंय. हिच्या दंडाला हात लावून बघा."

सोपाननं चांगुणाचा दंड बोटांत धरला. त्याची बोटं एकमेकांना टेकली.

मित्रांनो, त्या दगडांना अमिनो आम्लं म्हणतात, हे सुमनबाईंनी पुढं मला हातात धरून शाळेतल्या मुलांना सांगितलं तेव्हा मला कळलं. ज्वारीत जे कमी असतं ते लायसिन. डाळीत जे कमी असतं ते मेथिओनिन. अशी अमिनो आम्लं जोडून प्रथिनं होतात. आपले स्नायू प्रथिनांचे असतात आणि विषाणूला धरून ठेवणारी प्रतिपिंडंही प्रथिनांचीच. ताप आणि खोकला असताना शरीराला हे सामान नेहमीपेक्षा जास्त लागतं. आणि नेमकं तेव्हाच आम्ही त्या लेकरांचं ताट काढून घेत होतो.

पण मालन अजून खाली बघत होती. सुमनबाई तिच्याजवळ सरकल्या.

"गहिनीच्या वेळी फोडणी कोणत्या दिवशी दिली होतीस?"

"तिसऱ्या."

"आणि तो गेला कधी?"

"पंधराव्या."

"मधले दिवस त्याला काय दिलंस?"

"पेज."

"आणि?"

"पेजच, बाई."

वरून मला चांगुणाचा श्वास ऐकू येत होता. मग मालन इतक्या हळू बोलली की मलाही कान द्यावा लागला. "म्हंजी मी त्याला उपाशी ठिवला व्हय, बाई?"

एका लोखंडी पळीवरचा बोल उतरला होता आणि तो कुणाच्या खांद्यावर जाऊन बसला, ते मला दिसत होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सुमनबाई म्हणाल्या, "खोटं सांगणार नाही तुला. नुसत्या उपासानं गेला असं मी म्हणणार नाही. आजार छातीत उतरला होता, सुई मिळाली नव्हती. पण लढायला त्याच्याजवळ काही नव्हतं, हे खरं. आणि तुला हे कुणी सांगितलं नव्हतं, हेही खरं. सांगायचं काम आमचं होतं. आम्ही पोचलो नाही."

मालन रडली नाही. ती उठली आणि सोपानकडं बघू लागली. घरात मूग होते, पण ते पेरणीसाठी राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं बी होतं. दुष्काळात बियाण्याला कुणी हात लावत नाही. सोपाननं स्वतःच उतरंडीवरून मडकं काढलं.

"पेरायचं कशासाटी, खायलाच ना?" तो म्हणाला. "शिजव."

बनुबाई म्हणाल्या, "फोडनी देशील तर मी ह्या उंबऱ्याला शिवनार न्हाई."

"फोडणी मी मागितलीच नाही," सुमनबाई म्हणाल्या. "नुसते मूग धुऊन शिजवा, मीठ घाला, घोटा. त्यात मिलोची मऊ भाकर कुस्करा. एकदम देऊ नका. दोन-दोन पळ्या, दोन-दोन तासांनी. पाणी पाजत राहा. आणि सुकडी मुंग्यांना कशाला घालता? दुधात नाहीतर पाण्यात कालवून तीही द्या."

मूग शिजले तेव्हा मालननं वर हात घालून मला काढलं. फडकं सोडलं, राखेनं घासघासून माझा गंज उतरवला. माझ्या वाटीत पहिल्यांदाच तेल नव्हतं. नुसतं वरण होतं, पिवळंही नाही, हिरवट मळकट. त्यातलं पाव पळीभर चांगुणाच्या ओठांत गेलं. तिनं निम्मं बाहेर काढलं. मालननं तोंड पुसून पुन्हा दिलं.

लगेच काही घडलं नाही, मित्रांनो. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. सुमनबाई रोज येत, सुई देत, श्वास मोजत आणि पुढच्या गावाला जात. मालन दर दोन तासांनी मला भरत होती आणि मी रिकामी होत होते. चौथ्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी सुमनबाईंनी मोजलेले श्वास सावकाश भरले आणि त्यांनी घड्याळ पदरानं पुसलं. दहाव्या दिवशी मालन पाणी आणायला गेली असताना चांगुणा भिंतीला धरून उभी राहिली, कोनाड्यात हात घातला आणि सुकडी खाऊ लागली. मालन घागर घेऊन दारात आली आणि तिथंच खाली बसली. तेव्हा मात्र ती रडली. एकीसाठी की दोघांसाठी, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी बनुबाईंच्या नातवाला गोवर निघाला. त्याचं नाव मच्छिंद्र, वय दोन वर्षं. दारावर लिंबाचा डहाळा लागला. मालननं घरात उरलेले मूग शिजवले, पातेलं पदराखाली धरलं, मला त्यात ठेवलं आणि त्या दारात जाऊन उभी राहिली.

बनुबाई म्हणाल्या, "आत येऊ नगंस. तुझी वाचली, ती सुईनं वाचली. ती तुझी डाळ घरी ने."

"सुई पायजेच, आत्या. सुमनबाईंना सांगावा धाडलाय. पन ही बी पायजे."

"आमच्या घरात आसं कुनी केलं न्हाई."

मालन उंबऱ्यापाशी थांबली. तिनं मला पातेल्यातून काढून हातात धरलं. ती म्हणाली, "आत्या, माजा गहिनी फोडनीनं न्हाई गेला. उपाशी गेला. मीच ठिवला हुता, रीत म्हनून. दोन वर्सं मी ह्या पळीला बोल लावला. तुमाला कुनाला बोल लावायची पाळी येऊ नये म्हनून आलेय. आता घाला मला घराभाईर."

आत पोर खोकलं. बनुबाई वळल्या, फडताळातून एक वाटी घेऊन आल्या आणि मालनपुढं धरली.

"घाल," त्या म्हणाल्या. "पन आसं पानी न्हाई. खालचं घट्ट घाल."

त्या उन्हाळ्यात मी अकरा घरांत गेले. मच्छिंद्र वाचला, इतरही बरीच वाचली. पुढं पाऊस झाला, चुलीवर तेल आलं, मी पुन्हा चर्र करू लागले आणि माझी झीज झाली. माझ्यावरचा बोल उतरला, पण त्या वर्षाचा शीण काही उतरला नाही.

मित्रांनो, आता गोवराची लस आली आहे. ती टोचून घ्या, हाताला दुखलं तरी. घरात कुणाला ताप आला, खोकला छातीत उतरला, श्वास जोरानं चालू लागला, तर दवाखान्यात न्यायला वेळ लावू नका. आणि आजारी माणसाच्या पुढचं ताट काढून घेऊ नका. थोडं द्या, मऊ द्या, पुन्हा पुन्हा द्या. भाताबरोबर वरण द्या, भाकरीबरोबर डाळ द्या. आजी काही वेगळं सांगू लागली तर तिच्यावर हसू नका. तिला कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही तिच्याजवळ बसा आणि सांगा.

अकरा घरं म्हणाले मी. त्यातल्या दोन घरांत आम्हाला पोचायला उशीर झाला. त्या लेकरांची नावं मी घेत नाही. त्या दोन्ही घरांतून मालन पातेलं जसंच्या तसं भरलेलं घेऊन परत आली, आणि मी त्या थंड वरणात उभी होते.

तेवढं कुणाच्या घरी होऊ देऊ नका.